रात्रीच्या मुक्कामाला नांगर कुठे टाकावा?

निपाणीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघा मित्रांनी मिळून बावीस फुटांची, लहानशा केबिनची एक जुनी शिडाची बोट गोव्यात विकत घेतली आहे आणि ती सध्या मांडवीत उभी असते. तिघांचाही आजवरचा सराव हिडकलच्या जलाशयावरचा आहे. दिवाळी झाली की मांडवीच्या मुखाशी असलेल्या अग्वादहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ला, मालवण आणि जमल्यास विजयदुर्गापर्यंत जावे, रात्री बोटीतच झोपावे आणि आठ-दहा दिवसांत परतावे, असा त्यांचा बेत आहे. त्यांना वाटेतल्या सुरक्षित जागांची यादी हवी आहे. शिवाय नांगराला दोर किती सोडावा आणि रात्री दिवा लावणे खरेच आवश्यक आहे का, हेही त्यांनी विचारले आहे.

मी बेळगावचाच. गोवा आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर लोकांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवणे आणि नवख्यांना शिकवणे हे काम बरीच वर्षे करत आलो असल्याने हे उत्तर त्या अनुभवातून देत आहे. यादी देता येते आणि पुढे काही नावे देणारही आहे, पण केवळ यादीवर विसंबून निघालात तर ती तुम्हाला फसवील. एकाच खाडीत डिसेंबरातल्या एखाद्या रात्री भांड्यातले पाणी हलत नाही आणि त्याच खाडीत नोव्हेंबरातल्या दुसऱ्या एखाद्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तेव्हा दर संध्याकाळी स्वतःला विचारायचे ते असे, की आतापासून उद्या उजाडेपर्यंत वारा, लाट आणि पाणी काय करणार आहे, तेवढ्यापुरती ही जागा पुरेशी आहे का, आणि पुरेशी ठरली नाही तर अंधारात इथून बाहेर पडता येईल का. या तिसऱ्या भागाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

हिडकलवर शिकलेल्या माणसाचा हात चांगला बसलेला असतो, यात शंका नाही. मात्र जलाशयावर मुक्कामाचा विचार जवळजवळ वाऱ्यापुरताच करावा लागतो. घटप्रभेचा तो पाणसाठा उतरतो तो आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने, एका रात्रीत नव्हे. समुद्रात मात्र तुम्ही झोपलेले असताना खोली बदलते, प्रवाहाची दिशा उलटते आणि कुठूनतरी दूरवरून आलेला हेलकावा खाडीत शिरतो. घाट उतरून किनाऱ्यावर येणारी आपली माणसे अडचणीत सापडतात ती या तीन गोष्टींमुळे, वाऱ्यामुळे क्वचितच.

तरीही सुरुवात वाऱ्यापासूनच करावी लागते, कारण जागेची पहिली चाळणी त्यानेच होते. पावसाळ्याचे चार महिने या किनाऱ्यावर लहान बोटीने मुक्कामाचा विचारच करू नये. हिवाळ्यात वाऱ्याला एक दिनक्रम असतो. पहाटे आणि सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो, दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो, तीन-चार वाजता तो सर्वांत जोरात असतो आणि सूर्यास्तानंतर विरत जातो. म्हणून ज्या जागेच्या वायव्येला आणि उत्तरेला एखादे भूशीर, डोंगराची सोंड किंवा बेट आहे, ती जागा दुपारी उतरायला चांगली. मतलई वाऱ्याचे फारसे भय नसते, कारण तो किनाऱ्याकडून येतो आणि त्याला लाट उठवायला अंतरच मिळत नाही. पण तो बोटीचे तोंड फिरवतो हे विसरू नये. संध्याकाळी किनाऱ्याकडे पिछाडी करून उभी असलेली बोट पहाटे समुद्राकडे पिछाडी करून उभी असते, आणि या फिरण्यात नांगर बहुधा उपटला जाऊन नव्या दिशेला पुन्हा रुतावा लागतो. संध्याकाळी पक्का बसला होता, एवढ्यावर पहाटेची हमी देता येत नाही.

या दिनक्रमाला अपवाद आहे तो वादळांचा, आणि दिवाळी झाली की लगेच निघण्याच्या तुमच्या बेताला माझी हरकत आहे ती यासाठीच. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा पावसाळा सरल्यावर, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या आरंभापर्यंत. २००९ सालचे फयान नोव्हेंबरात आले होते. २०१७ च्या डिसेंबरातल्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या मच्छीमार बोटींनी देवगडच्या बंदराचा आसरा घेतला होता. हवामान विभागाचे इशारे आता पुष्कळ आधी मिळतात, त्यामुळे वादळ अचानक गाठेल अशी भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. परंतु वादळ शेकडो मैल दूर असतानाही वारा दक्षिणेकडे वळतो, आणि तसे झाले की वायव्येचा विचार करून निवडलेली प्रत्येक जागा उघडी पडते. सुट्ट्यांचे गणित जुळत असेल तर डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा.

आता हेलकाव्याविषयी. स्थानिक वारा पडल्यावरही जी लांब, संथ लाट येत राहते तिला इंग्रजी शब्दानेच स्वेल म्हणण्याची पद्धत आहे. हिवाळ्यात इराणी आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठलेला वायव्येचा स्वेल आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. तो भूशिरापाशी थांबत नाही, टोकाला वळसा घालून आत वळतो. नकाशावर झाकलेली दिसणारी जागा रात्री बोटीला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळवत ठेवते ती यामुळे. दिवसा वाऱ्याने बोटीचे नाक लाटेकडे धरलेले असते म्हणून ते जाणवत नाही. वारा पडला की बोट लाटेला आडवी होते. यात बोटीला धोका कमी आणि माणसांना त्रास जास्त, पण रात्रभर न झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी खाडीच्या मुखाशी चुकीचा निर्णय घेतो, हेही तितकेच खरे. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा सागरी अंदाज रोज पाहावा. त्यात वाऱ्याची लाट आणि स्वेल वेगवेगळे दिलेले असतात. आणि आत शिरण्यापूर्वी पुळणीकडे नीट पाहावे. जिथे लाट रेषेने फुटत आहे तिथे समोर नांगर टाकू नये. तिच्याच कडेला, जिथे पाणी नुसते किनाऱ्याला चाटते आहे आणि होड्या वर ओढून ठेवलेल्या आहेत, तो कोपरा गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखलेला असतो.

भरती-ओहोटीवर थोडे अधिक थांबतो, कारण जलाशयाच्या माणसाला हेच नवीन. गोव्याकडे उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी साधारण दोन मीटरपर्यंत वरखाली होते, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, त्याहून बरेच कमी. मुंबईकडे हाच फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, त्यामुळे तिकडची पुस्तके वाचून घाबरण्याचे कारण नाही आणि इकडे दुर्लक्ष करण्याचेही नाही. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशावर जी खोली छापलेली असते ती अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते; तिच्यात त्या वेळची भरतीपत्रकातली उंची मिळवली की प्रत्यक्ष खोली मिळते. भरतीची वेळ तोंडी काढण्याचा कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईला चांगला जमतो, गोव्याकडे भरती त्याच्या थोडी अगोदर येते. अंदाजापुरता तो उपयोगी आहे, पण नांगर टाकताना पत्रकच उघडावे, कारण एका दिवसातल्या दोन ओहोट्याही आपल्या किनाऱ्यावर सारख्या उतरत नाहीत.

उदाहरण घेऊ. वद्य तृतीयेला दुपारी दोनच्या सुमारास, भरती पूर्ण असताना तुम्ही एका खाडीत शिरलात. खोलीमापक ३ मीटर दाखवतो. पत्रकात या वेळची उंची २ मीटर आहे आणि रात्रीच्या ओहोटीची ०.४ मीटर. म्हणजे पाणी १.६ मीटर उतरणार आणि जेवणाच्या वेळी तुमच्याखाली १.४ मीटर उरणार. तुमच्या बोटीचा पाण्याखालचा भाग ०.९ मीटर धरला तर तळाशी अर्धा मीटर उरतो. हिडकलवर एवढे पुरते. इथे अर्ध्या मीटर उंचीचा स्वेल आत येत असेल तर त्याच्या खळग्यात आणखी पाव मीटर जाते, आणि तळाशी एखादा जांभ्याचा धोंडा असेल तर हिशेब संपला. मी स्वतः खालच्या ओहोटीला तळाशी एक मीटर मोकळे राहील अशीच जागा घेतो. चिखलाच्या शांत खाडीत याहून कमी चालते, खडपाजवळ याहूनही जास्त ठेवावे. पाणी सारख्या वेगाने उतरत नाही, हेही ध्यानात घ्यावे: भरती-ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत साधारण निम्मे पाणी निघून जाते. पहिल्या तासात फारसे उतरले नाही म्हणून निर्धास्त होणाऱ्यांची धांदल उडते ती तेव्हा.

भरतीचाच दुसरा परिणाम खाडीच्या मुखाशी दिसतो. तुमची बोट ज्या मांडवीत उभी आहे ती म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई. त्या रानात कोसळलेला पाऊस शेवटी अग्वादच्या मुखातून समुद्रात जातो. नदीने आणलेली आणि समुद्राने परत लोटलेली वाळू मुखाशी आडवी साठते. तिला बार म्हणतात. पावसाळ्यात अग्वादच्या बारवर लाटा फुटू लागत आणि खनिज वाहणारे बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटी, कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीकडे वळवावे लागत, हे गोव्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. तेरेखोल, कर्ली, आचरा अशा लहान मुखांवर तर दर पावसाळ्यानंतर वाट सरकते आणि मागच्या वर्षीचा जीपीएसवरचा मार्ग यंदा वाळूत जाऊ शकतो. यासाठी माझा नियम सोपा आहे: अशा मुखातून आत जायचे ते उजेडात, पाणी चढत असताना, निम्मी भरती झाल्यावर. चढत्या पाण्यात रुतलात तर तासाभरात आपोआप सुटता. उतरत्या पाण्यात स्वेल समोरून येत असेल तर बारवर उभ्या, आखूड लाटा उठतात आणि त्या बावीस फुटी बोटीला सहज आडवी करतात. जिथे असा बार आहे त्या खाडीत रात्री अडचण आली तर बाहेर पडता येणार नाही, हे आत शिरण्यापूर्वीच मान्य करावे लागते. म्हणून आतली जागा कितीही शांत असली तरी हवामानाबद्दल जरा जरी शंका असेल तर मी बारच्या खाडीत जात नाही. थोडे हेलकावे सोसून भूशिराआड उघड्यावर राहतो.

इथवरचे सारे पाण्यावरचे झाले, उरला तळ. चिकट चिखल सर्वांत उत्तम, घट्ट वाळू चांगली, वर पातळ गाळ आणि खाली खडक असेल तर वाईट, आणि उघडा खडक त्याहून वाईट, कारण तिथे नांगर धरतो तेव्हा सुटत नाही आणि सुटतो तेव्हा सांगून सुटत नाही. नकाशावर तळाची खूण असते, पण मी अजूनही शिशाचा गोळा दोरीला बांधून सोडतो. गोळ्याच्या बुडाशी लहान खळगा असतो, त्यात कपडे धुण्याचा ओला साबण दाबून भरायचा. वर काढला की तळ साबणाला चिकटून येतो. विजयदुर्गाच्या खाडीत तो करडा-काळा, बोटांना ओढ देणारा चिखल आणि त्यात शिंपल्याचे चुरे घेऊन येतो. तो पाहिला की जीव निवांत होतो. गोळा स्वच्छ आला आणि साबणावर नुसता ओरखडा असेल तर खाली जांभा आहे, पुढे सरकावे. यंत्र खोली सांगते. तळ किती चिवट आहे हे हातालाच कळते.

दोर किती सोडावा, याला एका आकड्यात उत्तर नाही. हिशेब असा करायचा: रात्रीतल्या सर्वांत वरच्या भरतीची खोली, अधिक पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंतची उंची. वरच्या उदाहरणात ३ मीटर खोली आणि नाकाची उंची सुमारे एक मीटर, म्हणजे ४ मीटर. पूर्ण साखळी असेल तर याच्या पाचपट, २० मीटर. पाच-सहा मीटर साखळी आणि पुढे दोर असेल तर निदान सातपट, २८ मीटर. वारा वाढला तर जागा असेपर्यंत आणखी सोडत जावे. निपाणीच्या तंबाखूच्या रानात नांगरट ज्याने पाहिली आहे त्याला याचे कारण सांगायला नको. बैलांची ओढ जमिनीलगत, लांबून येत असेल तर फाळ रुतत जातो. दोर आखूड करून ओढ वर उचलली की फाळ उपसून येतो. बोटीचेही तेच आहे, आणि साखळीचा उपयोग मुख्यतः ती ओढ तळाशी आडवी ठेवण्यासाठी असतो. दोर नायलॉनचा घ्यावा, तो ताणतो आणि झटके पोटात घेतो. बाजारात मासेमारीसाठी मिळणारा स्वस्त पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो आणि प्रवाह फिरला की बरोबर इंजिनाच्या पंख्यात जातो. तुमच्या जुन्या बोटीबरोबर मच्छीमारांचा चार नख्यांचा ग्रॅपनेल मिळाला असेल तर तो खडकासाठी राखून ठेवा. मुक्कामाला रुंद पात्यांचा डॅनफोर्थ किंवा फाळासारखा सीक्यूआर हवा. आणि दुसरा नांगर, वेगळ्या दोरासह, तयार असलाच पाहिजे. तो शोभेसाठी केबिनच्या तळाशी पुरून ठेवला तर नसल्यासारखाच.

टाकण्याची रीत: वाऱ्याकडे तोंड करून हळू पुढे या, बोट थांबली की नांगर खाली सोडा, फेकू नका. बोट मागे वाहू लागली की दोर हळूहळू सोडत जा, म्हणजे साखळीचा ढीग नांगरावर पडत नाही. सारा दोर गेल्यावर इंजिन उलटे, आधी मंद आणि मग थोडे जोरात, अर्धा मिनिट चालवा. त्याच वेळी नाकाशी बसून साखळीवर किंवा दोरावर तळवा ठेवा. रुतलेल्या नांगराचा ताण सारखा, जडसा लागतो. घसरणाऱ्या नांगराची थरथर आणि अधूनमधून एक हिसका हाताला लागतो, जणू खाली काहीतरी दगडांवरून ओढले जात आहे. हा फरक एकदा हाताला कळला की यंत्रांपेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवावा. मग काठावरच्या दोन स्थिर वस्तू एका रेषेत धरा, उदाहरणार्थ पुढचा माड आणि मागचा देवळाचा कळस. ती रेषा मोडत नसेल तर बोट जागेवर आहे. अंधार पडण्यापूर्वी तशीच दिव्यांची एक जोडी हेरून ठेवा, कारण रात्री माड दिसणार नाही. मोबाइलवरचा नांगर-इशारा लावायला हरकत नाही, तो या सगळ्याच्या वर.

शेजार कसा पाहावा? २८ मीटर दोरावर तुमची बोट सुमारे ३५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरू शकते. मच्छीमारांच्या बोटी आखूड दोरावर किंवा कायमच्या बोयाला, म्हणजे तळाशी बांधलेल्या तरंगत्या खुणेला, असतात, त्या तुमच्याबरोबर फिरत नाहीत. शिवाय खाडीत दर सहा तासांनी प्रवाह उलटतो आणि वारा त्याच्या विरुद्ध असला की बोट स्वतःच्या दोरावर चढून बसते. अरुंद खाडीत यासाठी दोन नांगर टाकावेत, एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि एक खालच्या, दोन्हींचे दोर नाकाशीच बांधून. दोन-तीन बोटी एकमेकींना बांधून रात्र काढण्याची हौस पुष्कळांना असते. वारा नसताना गप्पांपुरती ती ठीक आहे, झोपताना सुटे व्हावे. १७५६ साली विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले ते एका गलबताची आग शेजारच्या गलबतांना लागत गेल्याने. आज आगीऐवजी एकाचा घसरलेला नांगर सगळ्यांना घेऊन जातो.

एक सूचना जाळ्यांबद्दल. मालवण-तारकर्लीच्या पुळणीवर अजून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जाते. जिथे काठावर जाळ्यांचे ढीग आणि माणसे दिसतात तिथे समोर नांगर टाकून त्यांचा सकाळचा ओढा अडवू नये. आत शिरताच जवळच्या बोटीवरच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, हाक मारून "दादा, रात्रीपुरते इथे राहिलो तर चालेल का, खाली काय आहे?" एवढे विचारावे. जाळी कुठे आहेत, खडप कुठे आहे आणि पहाटे ट्रॉलर कुठल्या वाटेने बाहेर पडतात, हे तीन प्रश्नांत कळते. सहसा कोणी तुटक उत्तर देत नाही.

आता तुमच्या वाटेवरच्या जागा. अग्वादच्या भूशिराच्या दक्षिणेला, आतल्या बाजूस, हिवाळ्यात वायव्येचा आडोसा मिळतो. निघण्याच्या आदल्या रात्री तिथेच मुक्काम करून नांगराचा सराव करावा, म्हणजे काही चुकले तर मांडवी जवळ आहे. अग्वादहून वेंगुर्ला सुमारे २२ ते २५ सागरी मैल, मालवण सुमारे ३५ ते ४०. चार नॉटच्या चालीने मालवण एका दिवसात गाठायचे तर दुपारचा वायव्य वारा तोंडावर घ्यावा लागतो, म्हणून पहिल्या खेपेला वेंगुर्ल्याला थांबावे. पहाटे मतलईवर निघून दुपारी वारा चढण्यापूर्वी पोहोचता येते. वेंगुर्ला हा मात्र स्वच्छ हवामानापुरता मुक्काम आहे. मालवण दिसायला सुरेख, पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत. पहिल्यांदा जाताना ऊन डोक्यावर असताना, ओहोटीत खडक दिसत असताना, स्थानिक माणूस बरोबर घेऊनच आत शिरावे. १९८७ साली घोषित झालेले सागरी अभयारण्यही तिथेच आहे आणि प्रवाळावर नांगर टाकणे कोणत्याही सबबीवर योग्य नाही. मालवणपासून देवगड सुमारे २० मैल. किल्ल्याच्या भूशिराआड असलेले ते बंदर या पट्ट्यातले भरवशाचे. गर्दी मच्छीमार बोटींची, त्यामुळे त्यांच्या वाटेबाहेर जागा शोधावी लागते. तिथून विजयदुर्ग ११ मैलांच्या आसपास. वाघोटन खाडीत किल्ल्याच्या आत गेल्यावर जवळजवळ सगळ्या दिशांचा आडोसा आणि तो चिकट चिखल, दोन्ही मिळतात.

यावरून बेत असा बसतो. वेंगुर्ल्यात किंवा मालवणात असताना वारा दक्षिणेकडे वळण्याची चिन्हे दिसली, तर तिथे वाट पाहत बसू नये. उजेड असेपर्यंत देवगड किंवा विजयदुर्ग गाठावे, आणि तेवढा उजेड उरत नसेल तर त्या सकाळी मुक्काम हलवायलाच नको होता असे समजून अंदाज एक दिवस आधीचा पाहण्याची सवय लावावी. दर मुक्कामाची दुसरी जागा सकाळीच ठरवून तिची वेळ कागदावर लिहून ठेवावी: किती वाजेपर्यंत निघालो तर दिवसाउजेडी पोहोचू.

परवानग्यांचे थोडक्यात: बोटीची नोंदणी, सर्वांची ओळखपत्रे आणि लाइफजॅकेट बरोबर ठेवा. गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात आणि महाराष्ट्राच्या हद्दीत शिरल्यावर बंदर अधिकारी व सागरी पोलीस यांना मुक्काम कळवा. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर अनोळखी बोटीची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक तिघांच्याही मोबाइलमध्ये असावा आणि व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओ, असेल तर सोळा नंबरचा चॅनेल चालू राहावा. पुढे कधी दक्षिणेला कारवारकडे जाल तेव्हा अंजदीव बेट आणि नौदल तळाच्या पाण्यापासून दूर राहा. ते पाणी मुक्कामासाठी नाही.

दिव्याबद्दल. नांगरावर असलेल्या बोटीने रात्री सर्व दिशांना दिसणारा एक पांढरा दिवा लावावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. सात मीटरहून लहान बोटींना त्यातून सूट आहे आणि तुमची बावीस फुटी बोट ६.७ मीटर, म्हणजे कशीबशी त्या सुटीत बसते. पण ही सूट अरुंद वाटेत, नांगरजागेत किंवा जिथून इतर बोटी नेहमी जातात तिथे लागू होत नाही, आणि तुम्ही मुक्काम करणार ती प्रत्येक खाडी या तिन्हींपैकी काही ना काही असणारच. तेव्हा दिवा लावा. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा जवळून जाणाऱ्या मच्छीमाराला ताऱ्यांत मिसळलेला दिसतो, कारण त्याची नजर पाण्यालगत असते. म्हणून पुढच्या भागात, डोक्याच्या उंचीवर, एक एलईडीचा पांढरा दिवा टांगावा. रात्रभर चालूनही तो बॅटरी फारशी खात नाही. लुकलुकणाऱ्या रंगीत माळा लावू नयेत, त्यांनी पहाटे बाहेर पडणाऱ्या तांडेलाचा गोंधळ होतो.